त्या घरात कोण राहते?

छायाचित्रे काढण्याचा नाद असलेला माणूस देवळापुढे उभा राहिला, तर त्याच्या मनात प्रथम देव येत नाही. ऊन कोणत्या बाजूने येते आहे, हे येते. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. शेतकऱ्याला आभाळात पाऊस दिसतो, परटाला दोरीवरचे कपडे दिसतात, तशीच ही एक नजर. फक्त या नजरेचा विशेष असा की तिला जे नको असेल ते ती फार सहज बाजूला सारते. विजेची तार नको, कचऱ्याची पेटी नको, मध्येच उभे राहून केळे खाणारे गृहस्थ नकोत. दोन पावले डावीकडे सरकले की जग स्वच्छ! इतक्या स्वस्तात जग स्वच्छ करण्याची सोय दुसऱ्या कोणत्या कलेत असेल असे मला वाटत नाही.

मागल्या आश्विनात मी जकार्ताला माझ्या भाच्याकडे महिनाभर राहिलो. दिवाळीही तिकडेच झाली. भाचा तिथे नोकरीला आहे आणि रविवारी हौशी छायाचित्रकारांच्या एका कंपूबरोबर कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतो. एका रविवारी त्याने मलाही बरोबर घेतले. जायचे होते ‘तामान मिनी इंडोनेशिया इंदाह’ या ठिकाणी. नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे: सुंदर इंडोनेशियाची छोटी बाग.

शहराच्या पूर्व भागात सुमारे दीडशे हेक्टर जमिनीवर ही बाग पसरली आहे. मध्ये एक तळे, तळ्यात मातीची बेटे, आणि वरून तारेवर लोंबकळत जाणारे पाळणे. पाळण्यात बसून खाली पाहिले की सतरा हजारांवर बेटांचा तो अफाट देश परातीत मांडलेल्या फराळासारखा एका दृष्टिक्षेपात येतो. तळ्याभोवती प्रांतोप्रांतीची दालने आहेत; प्रत्येकात त्या प्रांताची परंपरागत घरे, कपडे, भांडी, वाद्ये. बाग करण्याची कल्पना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या पत्नी तिएन सुहार्तो यांची. उद्घाटन झाले २० एप्रिल १९७५ रोजी. ‘वेगळे असूनही एक’ अशा आशयाचे त्या देशाचे बोधवाक्य चौदाव्या शतकातल्या म्पू तांतुलार या कवीच्या ‘सुतसोम’ काव्यातून घेतलेले आहे, आणि ही बाग म्हणजे त्या बोधवाक्याचे लाकूड, बांबू आणि सिमेंट यांत केलेले भाषांतर होय.

परंतु बागेचा जन्म वादातच झाला. १९७१-७२ साली विद्यार्थी रस्त्यावर आले होते. देशात शाळांची आणि दवाखान्यांची वानवा असताना हे खेळणे कशाला, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीही गाऱ्हाणी होती. सरकारने कडक शब्दांत दम भरला, काहींना अटक केली, आणि बाग झाली. पुढे २०२१ साली सरकारने तिचा कारभार सुहार्तो कुटुंबाशी संबंध असलेल्या प्रतिष्ठानाकडून आपल्या हाती घेतला आणि मोठी डागडुजी केली. आता गवत कापलेले, वाटा झाडलेल्या. छायाचित्रकाराला दोन पावले डावीकडे सरकण्याचेही कारण उरलेले नाही.

“मामा, इथले सगळे नकली आहे बरे का,” भाचा आत शिरताशिरताच म्हणाला. “घर आहे, पण घरात कोणी राहत नाही. चूल आहे, पण जाळ नाही. फोटो मात्र छान येतात.”

माझे मन या ‘नकली’ शब्दापाशी अडले. आपल्याकडे दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात. दगडविटा रचायच्या, वर ओले पोते, त्यावर चिखल, चिखलात हळीव पेरायचे. माथ्यावर सिंहासनावर महाराज, खाली बुरुजाबुरुजावर मावळे, आणि मावळ्यांच्या शेजारी, इतिहासाची फारशी भीड न धरता, एक वाहतुकीचा पोलीस आणि हत्तीएवढी कोंबडी! या किल्ल्याला नकली म्हणण्याची छाती कोणाला होईल? शाडूच्या गणपतीला आपण दीड दिवस देव मानतो आणि मग पाण्यात सोडतो. त्यात आपण कोणाला फसवीत नसतो, स्वतःलाही नाही. प्रतिकृती ही खोटी असते असे म्हणणे म्हणजे बाहुलीशी खेळणाऱ्या पोरीवर फसवणुकीचा आरोप ठेवणे. खोटेपणा असेल तर तो कुठे तरी दुसरीकडे असला पाहिजे.

कुठे, हे मात्र मला चटकन सांगता येईना. पश्चिमेकडच्या एका जुन्या उदाहरणाने थोडी वाट दिसली. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जावाचे एक खेडे उभारले होते. नुसती घरे नव्हेत, माणसेही. नाचणाऱ्या मुली, वाद्ये वाजवणारे, विणकाम करणारे असे सगळे बोटीत घालून आणले, आणि पॅरिसकर त्यांना पाहायला झुंडीने लोटले. क्लोद देब्युसी या तरुण संगीतकाराने गमेलानचे सूर ऐकले ते तिथेच, आणि ते सूर त्याच्या कानांतून आयुष्यभर गेले नाहीत. म्हणजे त्या कुंपणातूनही काही खरे पलीकडे गेले, हे कबूल केलेच पाहिजे. पुन्हा १९३१ साली त्याच शहरात वसाहतींचे प्रदर्शन भरले. डचांचे दालन जूनमध्ये जळून खाक झाले, पुन्हा घाईघाईने उभारले गेले, आणि बालीचे नर्तक युरोपच्या चर्चेचा विषय झाले. त्यांतल्या कोणाला ‘आज माझी नाचायची इच्छा नाही’ असे म्हणायचे असते तर ते कोणत्या भाषेत, कोणाला म्हणायचे? त्यांना दाखवणारा मालक दुसरा, पाहणारा दुसरा. त्यांच्या वाट्याला फक्त दिसणे आलेले.

जकार्ताची बाग तशी नाही. इथे दाखवणारा, दिसणारा आणि पाहणारा तिघेही एकाच देशाचे, आणि हा फरक किरकोळ नव्हे. रविवारी सकाळी या दालनांतून मुलांचे नाचाचे वर्ग चालतात. जकार्तात जन्मलेली, आजोळ एकदाच पाहिलेली मुले आपल्या आजीच्या गावचा नाच शिकायला इथे येतात. पालक ओट्यावर डबे उघडून बसलेले असतात. ज्या घरात कोणी राहत नाही असे भाच्याने सांगितले, त्या घराचा ओटा माणसांनी गजबजला होता. पुण्याच्या एखाद्या मंगल कार्यालयात स्नेहसंमेलनाच्या तालमीला जो कलकलाट असतो तोच हा. फक्त भाषा निराळी आणि डब्यात पोह्यांऐवजी केळीच्या पानात बांधलेला भात.

आम्ही पश्चिम सुमात्राच्या दालनापाशी थांबलो. मिनांगकाबाऊ लोकांचे ‘रुमाह गादांग’ म्हणजे मोठे घर ज्याने चित्रात पाहिले असेल तो ते विसरायचा नाही. छपराची दोन्ही टोके म्हशीच्या शिंगांसारखी आभाळात उसळलेली, एकापुढे एक, जणू छपराला उडायचे आहे आणि घर त्याला धरून ठेवते आहे. लाकडावर लाल-काळ्या-सोनेरी वेलबुट्टीचे कोरीवकाम. त्या घरापुढे सात-आठ मुली थाळीनाच शिकत होत्या. दोन्ही तळहातांवर एकेक बशी, बोटात अंगठी; हात फिरवताना बशी पडता कामा नये आणि अंगठीचा टक् टक् ताल चुकता कामा नये. टोकाची नऊ-दहा वर्षांची मुलगी विशेष तरबेज होती. ऊन तिच्यावर तिरके पडले होते, मागे शिंगांचे छप्पर. आमच्या कंपूतले सगळे कॅमेरे एकदम तिच्याकडे वळले.

नाच संपला. आमच्यातले एक लांब भिंगवाले गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी खुणेने तिला तोच हात पुन्हा करायला सांगितले. तिने केला. आणखी एकदा. तिने केला. आता थोडे इकडे वळून. मग तिने बश्या शांतपणे ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, “तिदाक माउ.” नको. ती जाऊन आईजवळ बसली आणि भात खाऊ लागली.

गृहस्थ चिडले. वाईट माणूस नव्हते ते. पण ऊन आणखी दोन मिनिटांत जाणार होते, आणि त्या अवस्थेत छायाचित्रकाराचा स्वभाव भुकेल्या माणसासारखा होतो. “इथे लोक दाखवण्यासाठीच येतात ना? मग आढेवेढे कशाला?” असे काहीसे ते पुटपुटले. कंपूत एक निवृत्त जावानीज शिक्षक होते. सगळे त्यांना ‘पाक’ म्हणत. वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने हाक मारण्याची ती तिकडची रीत. ते हसून म्हणाले, “त्या प्रांतात घर बाईचे असते. मालकीण नको म्हणाली, विषय संपला.”

हे त्यांनी गंमतीने म्हटले, पण ते अक्षरशः खरे आहे. मिनांगकाबाऊंमध्ये वडिलोपार्जित घर आईकडून मुलीकडे जाते. जावई त्या घरात पाहुण्यासारखा येतो. धर्माने मुसलमान असलेल्या त्या समाजाने ही रीत शतकानुशतके टिकवून धरली आहे. तेव्हा ज्या घरापुढे ती पोरगी उभी होती, ते सिमेंटच्या पायावर सरकारने उभारलेले असले, तरी एका अर्थाने तिचेच होते. आणि मला वाटते, ते घर त्या क्षणी, तिने बश्या खाली ठेवल्या तेव्हा, सगळ्यांत खरे झाले. त्याआधी ते नुसते देखणे होते.

माझ्या मनाने तिथे एक कसोटी धरली. चित्र खरे की खोटे हे ते मुळाशी किती जुळते यावर ठरत नाही. चित्रातल्या माणसाला चित्राबाहेर पडता येते की नाही, यावर ठरते. अंगणातला किल्ला खोटा नाही, कारण त्यातला मावळा मातीचा आहे. त्याला कुठे जायचे नाही. नाचणारी मुलगी खोटी नाही, कारण तिला भात खायला जाता येते.

पण ज्याला जाता येत नाही त्याचे काय?

आपल्या घरांतले जुने समूहचित्र काढून पाहा. दिवाळीत घर झाडताना ते हमखास हाती लागते. मधोमध खुर्चीवर आजोबा, हातात काठी, शेजारी आजी, खाली सतरंजीवर चौकडीच्या सदऱ्यातली मुले, मागच्या रांगेत मुलगे, त्यांच्या कडेला डोक्यावर पदर घेतलेल्या सुना. क्वचित अगदी टोकाला आलवण नेसलेली एक आत्या, अर्धी चौकटीत आणि अर्धी चौकटीबाहेर. पुष्कळदा ती नसतेच. त्या घटकेला ती आत सगळ्यांचा चहा करीत असते. मागच्या रांगेतली दुसरी सून त्या घरात सुखी होती का, तिला माहेरी जायचे होते का, हे फोटो सांगत नाही. फोटो एकच वाक्य बोलतो: आम्ही सगळे. आणि ते वाक्य घरातल्या ज्या एका माणसाने फोटोवाल्याला बोलावून आणले आणि पैसे दिले, त्याचे असते. बाकीच्यांनी श्वास रोखून उभे राहायचे.

ती बाग म्हणजे असेच एक समूहचित्र आहे. ते काढले तेव्हा कुटुंबात २६ प्रांत होते. बाग उघडली त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९७५ रोजी, इंडोनेशियाच्या सैन्याने पूर्व तिमोरवर चाल केली. गोव्यासारखीच ती पोर्तुगीजांची वसाहत. एके काळी तिचा कारभारही गोव्यातूनच चाले. पोर्तुगीजांचे जू मानेवरून उतरून दोन आठवडेही झाले नव्हते. जुलै १९७६ मध्ये तिला २७ वा प्रांत म्हणून जाहीर करण्यात आले, आणि पुढे बागेत तिमोरचेही दालन उभे राहिले. त्या बेटावर १९७४ ते १९९९ या काळात संघर्षापायी, मुख्यतः उपासमारीने आणि रोगांनी, किमान १,०२,८०० माणसे दगावली असा अंदाज तिथल्या सत्यशोधन आयोगाने पुढे मांडला. त्याच काळात जकार्तातल्या बागेत तिमोरचे नमुन्याचे घर उभे होते. लोक त्याच्या पायरीवर बसून फोटो काढून घेत असतील, आणि ते फोटो चांगलेच येत असतील. त्यातले ऊन खरे, लाकूड खरे, कोरीवकाम खरे, आणि तरी त्याहून मोठे असत्य कॅमेऱ्याने क्वचितच टिपले असेल.

३० ऑगस्ट १९९९ रोजी तिमोरी जनतेला मत विचारण्यात आले, तेव्हा १०० तील ७८ हून अधिक लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. २० मे २००२ रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्या दालनाचे पुढे संग्रहालय करण्यात आले. मी ‘पाक’ना त्याबद्दल विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग भाच्याने त्यांच्या उत्तराचे मराठी केले ते असे: “तो भाऊ वेगळा निघाला.”

वेगळा निघाला! आपल्या खेड्यांतून हेच दोन शब्द किती वेळा ऐकलेले. चूल वेगळी, दार वेगळे, आणि मग सणावारी एकमेकांकडे ताट झाकून पाठवायचे. त्या वृद्ध शिक्षकाच्या आवाजात खेद होता आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या पिढीला शाळेत २७ प्रांतांची नावे पाठ करायला लावलेली असणार. पण मी मनात म्हटले, भाऊ वेगळा निघतो तो घरात जन्मलेला असतो. ज्याला दारातून ओढून आणून रांगेत उभे केले, तो वेगळा निघत नाही, तो सुटतो. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरातली भांडणे सोडवू नयेत एवढी शिकवण माझ्या आईने मला दिली आहे, आणि शिवाय त्या बिचाऱ्यांचा त्यात काय दोष?

इथवर माझी कसोटी ठीक चालली होती. पण तिला अडवणारे एक चित्र आहे, आणि तेही तिमोरचेच. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिली शहरातल्या सांता क्रूझ दफनभूमीत जमलेल्या निदर्शकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. दोनशेंहून अधिक माणसे मेली असे मानतात. मॅक्स स्टाल नावाचा ब्रिटिश पत्रकार तिथे कॅमेरा घेऊन उभा होता. पकडले जाण्याआधी त्याने चित्रफिती एका ताज्या कबरीच्या मातीत पुरल्या आणि नंतर अंधारात येऊन त्या उकरून काढल्या. त्या जगाने पाहिल्या आणि तिमोर हे नाव जगाला कळले. आता त्या फितीत थडग्याला टेकून रक्तबंबाळ पडलेल्या तरुणाला कोणी विचारले होते, की बाबा, तुझे चित्र घेऊ का? त्याला चौकटीबाहेर पडता येत नव्हते; त्याला उठताही येत नव्हते. माझ्या कसोटीने हे चित्र नापास व्हायला हवे. पण ते नापास करणारी कसोटी मी उकिरड्यावर फेकून देईन.

मग भेद कशात? लांब भिंगवाल्या गृहस्थांच्या आणि स्टालच्या यंत्रात तर भेद नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. स्मशानात जमलेली ती माणसे दिसण्यासाठीच घराबाहेर पडली होती. हातात फलक धरून, आपल्याला कोणी पाहात नाही हेच आपले दुःख आहे असे सांगत. त्यांचे चित्र न काढणे हा त्यांना दिलेला नकार ठरला असता. बागेतले नमुन्याचे घर तिमोरी माणसाच्या तोंडून ‘आम्ही सगळे’ म्हणत होते. ती फीत त्याच्या तोंडून ‘आम्ही नाही’ म्हणाली. चौकट दोन्हीकडे होती. एक दाराला बाहेरून कडी घालणारी, दुसरी खिडकीसारखी. तेव्हा माझी कसोटी थोडी वाकवली पाहिजे हे खरे. किती वाकवावी हे मला अजून नीट सांगता येत नाही. तोराजा लोकांच्या ‘तोंगकोनान’पुढे, त्या नावेसारख्या छपराच्या आणि खांबावर म्हशीच्या शिंगांची उतरंड लावलेल्या घरापुढे, उभा असताना ती मला पुन्हा अपुरी वाटली. एकेक शिंग म्हणजे कोणा पूर्वजाच्या अंत्यविधीला बळी दिलेला एकेक रेडा. तोराजा लोक कड्यांतल्या थडग्यांपुढे मृतांचे लाकडी पुतळे बसवतात. त्यांची कीर्ती देशोदेशी गेली आणि १९७० नंतरच्या काळात ते पुतळे चोरीला जाऊन संग्राहकांच्या दिवाणखान्यांत पोचू लागले. मेलेल्या आजोबांना चित्राबाहेर पडायचे आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? नातवाला, असे उत्तर सुचते. पण कधी कधी विकणारा नातूच असतो.

संध्याकाळी मंडळी उपाहारगृहात आपापली चित्रे एकमेकांना दाखवू लागली. सुरेख होती. छपरे, शिंगे, कमानी, आभाळ. लांब भिंगवाल्यांचे थाळीनाचाचे चित्र तर कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभले असते. मुलगी बश्या खाली ठेवते आहे असे चित्र मात्र कोणापाशीही नव्हते. तेव्हा ऊन बरोबर होते, आणि मागे छप्परही होते.

पुढच्या आठवड्यात दिवाळी आली. भाच्याच्या सातव्या मजल्यावरच्या सज्जात त्याच्या मुलीने कुंड्यांची माती उपसून किल्ला केला. मावळे भाचेसुनेने पुण्याहून येताना आणलेले. पायथ्याशी, जिथे आपल्याकडे झोपडी असते, तिथे मुलीने बागेतून आणलेले शिंगांच्या छपराचे एक चिमुकले लाकडी घर ठेवले होते. मी वाकून पाहिले. बुरुजावर पहारा होता, विहिरीवर बाई होती, पण त्या घरापाशी कोणीच नव्हते.

“अग, या घरात कोणी राहत नाही का?” मी विचारले.

“राहतात ना,” ती हळिवावर पाणी शिंपडीत म्हणाली. “आत्ता बाहेर गेलेत, मामाआजोबा.”